चियांग माई: किती विहार पाहिले यापेक्षा कुठल्या क्रमाने पाहिले

पाठपिशवी

पाठीवर सॅक टाकून एकटेच थायलंडला निघालेल्यांचा चियांग माईबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका दिवसात किती विहार होतील?" खंदकाच्या आतलं जुनं शहर जेमतेम दीड किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. त्यात विहार इतके लागून लागून आहेत की पायी फिरूनही दहा-बारा सहज होतात. पण तसं करू नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. नकाशावर जे जवळ दिसेल तिथे जात राहिलं की दुपारपर्यंत सोनेरी शिखरं, नागांचे कठडे आणि बुद्धमूर्ती डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. त्यापेक्षा शहर ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने चार-पाचच ठिकाणं घ्या. मी तसंच केलं आणि प्रत्येक विहार अजून वेगवेगळा डोळ्यांसमोर येतो.

सुरुवात ईशान्य कोपऱ्यातल्या वाट चियांग मानपासून (थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार). राजा मंगराईने १२९६ मध्ये लान्ना राज्याची ही नवी राजधानी वसवली, आणि तिच्यातला हा सगळ्यात जुना विहार. उपोसथगृहासमोर, म्हणजे भिक्खूंच्या विधींच्या सभागृहासमोर, १५८१ चा शिलालेख उभा आहे, त्यात शहराच्या स्थापनेची तारीख कोरलेली आहे: १२ एप्रिल १२९६. मागच्या बाजूला चेदी, म्हणजे आपला चैत्य किंवा स्तूप. त्याच्या चौथऱ्यातून चारही बाजूंनी हत्ती बाहेर येताना दिसतात. पुढचे पाय, छाती, सोंड बाहेर आणि मागचं अंग भिंतीत, जणू सगळा स्तूप त्यांनीच पाठीवर उचललाय. विटांवर चुन्याचा गिलावा करून घडवलेले आहेत. सकाळी सातच्या सुमारास तिरपं ऊन पडतं तेव्हा गिलाव्यातल्या सुरकुत्यासुद्धा दिसतात.

बाजूच्या छोट्या विहारात जाळीच्या दाराआड दोन मूर्ती आहेत. एक स्फटिकाची, वीतभरही नाही. दुसरी फ्रा सिला, दगडातलं उठावशिल्प. त्यात बुद्धांसमोर नमलेला नालागिरी हत्ती आहे! राजगृहाच्या रस्त्यावर देवदत्ताने सोडलेला तोच पिसाळलेला हत्ती. ही मूर्ती भारतातून किंवा श्रीलंकेतून आली असं मानतात. मी त्या जाळीपाशी बराच वेळ उभी होते. लहानपणी ऐकलेली गोष्ट इतक्या लांब, कुलपाआड जपून ठेवलेली पाहिली आणि मला अक्षरशः भरून आलं.

तिथून तीन राजांच्या पुतळ्यावरून पश्चिमेला वाट फ्रा सिंग. मधला पुतळा मंगराईचा, सोबत सुखोथाईचा रामखामहेंग आणि फायाओचा न्गाम मुआंग. शहराची आखणी करताना या दोन मित्रराजांचा सल्ला घेतला होता असं सांगतात. वाट फ्रा सिंग १३४५ चं, राजा फायूने वडिलांच्या अस्थींसाठी बांधलेलं. समोरच्या मोठ्या विहारातच बहुतेक जण थांबतात. तुम्ही मागे जा. विहार्न लाय खाम नावाचं छोटं, उतरत्या छपरांचं सभागृह आहे, आत भिंतभर चित्रं. कथा राजपुत्रांच्या आहेत, पण चितारलंय ते लान्नामधलं रोजचं जगणं: बायकांची आडव्या पट्ट्यांची वस्त्रं, पुरुषांच्या मांड्यांवरचं गर्द गोंदण, ओसरीवर बसून चाललेल्या गप्पा. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, मग एकेक माणूस दिसायला लागतो. आवारातलं ग्रंथालयही चुकवू नका. पोथ्यांना ओल लागू नये, वाळवी लागू नये म्हणून खालचा मजला उंच, दगड-चुन्याचा, त्यावर हात जोडलेल्या देवता, आणि वर लाकडी खोली.

वाट चेदी लुआंग शहराच्या मध्यावर आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा स्तूप पंधराव्या शतकात लान्नाच्या तिलोकराजाच्या काळात पूर्ण झाला, तेव्हा ८० मीटरच्या आसपास उंच होता. १५४५ च्या भूकंपात माथा कोसळला. आज दिसतो तो तुटलेल्या माथ्याचा, विटांचा डोंगर. १९९० च्या दशकात डागडुजी झाली, पण शिखर पुन्हा बांधलं नाही, आणि ते फार योग्य केलं असं माझं मत. दक्षिण बाजूच्या हत्तींमध्ये अगदी उजवीकडचा, ज्याला कान नाहीत, सोंड नाही, तोच मूळचा. बाकीचे सिमेंटमध्ये नव्याने केलेले. सगळे फोटो धडधाकट हत्तींचे काढतात. तुम्ही त्या उजवीकडच्यापाशी जा. पूर्वेच्या कोनाड्यात १४६८ पासून पाचूबुद्ध ही प्रसिद्ध बुद्धमूर्ती होती, तीच जी आज बँकॉकला वाट फ्रा काएवमध्ये आहे. इथे आता १९९५ ची प्रतिकृती आहे.

शेजारीच वाट फान ताओ, जवळजवळ सगळं सागवानी. हे मुळात एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक राजाचं दालन होतं. दारावरच्या नक्षीत मोराच्या पायाशी कुत्रा बसलाय, कारण बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात त्या राजाचं जन्मवर्ष कुत्र्याचं. विहाराच्या दारावर हे चिन्ह तसंच राहू दिलंय.

दुपारी ऊन टळेपर्यंत खोलीवर पडले आणि मग ज्यासाठी हा धागा काढला तिथे गेले: वाट चेत योत. जुन्या शहराबाहेर, वायव्येला, महामार्गाच्या कडेला. बोधगयेच्या महाबोधी मंदिराचा नमुना समोर ठेवून तिलोकराजाने १४५५ मध्ये याचं काम सुरू केलं. सात शिखरं, जांभ्या दगडाचं अंग, आणि बाहेरच्या भिंतींवर गिलाव्यात घडवलेल्या हात जोडलेल्या देवता. काहींचे चेहरे झिजलेत, पण दागिन्यांची, वस्त्रांच्या काठांची नक्षी अजून स्पष्ट आहे. १४७७ मध्ये त्रिपिटकाची पाठशुद्धी करण्यासाठी इथे संगीती, म्हणजे भिक्खूंची धर्मपरिषद, भरली. थाई परंपरेत ती आठवी. आवारात बोधिवृक्ष आहे. त्याच्या जाड आडव्या फांद्यांना भाविक टेकू आणून लावतात, जुन्या धर्माला आधार दिल्यासारखं पुण्य त्यात मानतात. शेकडो काठ्या, कुणाची रंगवलेली, कुणाची साधी.

मी होते त्या वेळात तिथे पर्यटक जवळपास नव्हतेच. एक आजी चटईवर बसून कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या आत दुमडत होत्या. बाहेरची हिरवी पाकळी अलगद सोडवायची, अर्ध्यात मोडून आत खोवायची, मग पुढची, असं करत कळीचं गुलाबी टोपलं तयार होतं. मी बघत बसले तर त्यांनी काही न बोलता एक कळी माझ्या हातात दिली आणि सावकाश, मला दिसेल असं, पहिल्यापासून करून दाखवलं. एकटीने फिरण्याचं मोल मला अशा वेळी कळतं. सोबत कुणी असतं तर "चल, उशीर होतोय" झालं असतं.

संध्याकाळी जुन्या शहरात परतून एका लहानशा विहारात मागच्या बाजूला बसले. सहाच्या सुमारास भिक्खू आणि सामणेर (शिकाऊ भिक्खू) आले, पाठ सुरू झाला. "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." उच्चार थाई वळणाचे, लय संथ, पण पहिल्याच ओळीला माझे ओठ आपोआप हलायला लागले. त्रिसरणापर्यंत मी मोठ्याने म्हणत होते. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांची पोथी माझ्या बाजूला सरकवली. लिपी थाई होती, मला वाचता येत नव्हती. आम्ही दोघी एकत्र म्हणत राहिलो.

कुणी जाणार असेल तर विचारा, आठवतं तेवढं सांगते. जाणकारांनी भर घालावी.

निळी छत्री

सुरेख! नोव्हेंबरमध्ये मीही एकटीच जातेय, म्हणून जरा व्यवहाराचं विचारते. कपड्यांचं काय करायचं? दिवसभर गरम असणार. आणि तिकिटं किती?

पाठपिशवी

@निळी छत्री, खांदे आणि गुडघे झाकले की झालं. मी ढगळ सुती पँट आणि अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला होता, शिवाय सॅकमध्ये एक ओढणी. पायात काढ-घाल करायला सोप्या चपला घे, दिवसभर तेच चालू असतं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडून जायचं. बसताना तळवे मूर्तीकडे नकोत. पाय एका बाजूला दुमडून बसायची तिथली पद्धत आहे, तशी बस. वाट चियांग मान आणि चेत योतला तिकीट नव्हतं. चेदी लुआंगसारख्या मोठ्या ठिकाणी परदेशी लोकांना असतं, दर दारावर लिहिलेले असतात. वीस आणि पन्नास बाटच्या सुट्या नोटा जवळ ठेव, दानपेटीसाठीही लागतात.

गावशीव

लेख आवडला, पण दोई सुथेप वगळून चियांग माईचा दिवस? मला हे पटत नाही. शहरातल्या माणसाला विचाराल तर तो आधी डोंगराकडे बोट दाखवेल. क्रमाचंच म्हणत असाल तर त्याची कथाही चौदाव्या शतकातलीच आहे. राजा कुए नाने सुखोथाईहून सुमन थेरांना बोलावलं, त्यांनी बुद्धांचा धातू, म्हणजे अस्थिअवशेष, आणला. एक भाग वाट सुआन दोकमध्ये ठेवला, दुसरा पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून हत्ती मोकळा सोडला. तो डोंगर चढला, वर जाऊन तीनदा चीत्कारला आणि तिथेच त्याने प्राण सोडला, म्हणून स्तूप तिथे. आणि वर जाणारा रस्ता! क्रुबा सिविचाय या भिक्खूच्या शब्दावर हजारो लोक कुदळ-फावडी घेऊन आले आणि १९३५ मध्ये काही महिन्यांत रस्ता पूर्ण झाला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे. वर जाणारे आजही तिथे आधी थांबून हात जोडतात.

पाठपिशवी

@गावशीव, तुम्ही म्हणता ते खरंय, दोई सुथेपला जायलाच हवं. पण त्याला वेगळी सकाळ द्या. शहरापासून १५ किलोमीटर, वळणांचा रस्ता, वर ३०० हून जास्त पायऱ्या. त्याच दिवशी कोंबलं तर वर पोहोचेपर्यंत थकवा आणि गर्दी. मी दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. चांग फुआक दरवाजापाशी लाल सोंगथ्यू, म्हणजे मागे बाकं असलेल्या सामायिक गाड्या, उभ्या असतात, प्रवासी भरले की सुटतात. वर पोहोचले तेव्हा सोनेरी स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालणारी स्थानिक माणसंच जास्त होती, हातात कमळ, उदबत्ती, मेणबत्ती.

तिथलं एक लक्षात राहिलं. भिक्खू मनगटाला पांढरा सुती धागा बांधतात. पुरुषांना ते स्वतः बांधतात. बायकांना भिक्खूंचा स्पर्श होऊ नये म्हणून शेजारी बसलेले पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ बांधून देतात. कुणी सांगायची गरज पडत नाही, रांगेतली प्रत्येक बाई आपसूक त्यांच्यापुढे हात करते.

मूलगंध

ताई, फार आतून लिहिलंयत. त्रिसरणाचा भाग वाचताना माझ्याही अंगावर काटा आला.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि ती लिहायला हवी. वाट चेदी लुआंगच्या आवारात इंथाखिन म्हणजे नगरस्तंभाची वास्तू आहे, तिथे स्त्रियांना आत जाऊ देत नाहीत. वुआलाय रस्त्यावरच्या चांदीच्या विहारातही, वाट सी सुफानच्या उपोसथगृहात, तेच. बाहेर पाटी आहे: जमिनीखाली मंत्र आणि मौल्यवान वस्तू पुरल्या आहेत म्हणून स्त्रियांनी प्रवेश करू नये. मी बहिणीसोबत गेलो होतो. तिला बाहेर उभं करून मला आत जाववेना, आम्ही दोघंही बाहेरूनच परतलो. ज्या तथागतांनी महाप्रजापती गौतमीला संघात घेतलं, त्यांच्या नावाच्या वास्तूत हे असावं याचं मला मनापासून दुःख आहे.

उत्खनन

@मूलगंध, तुमचं दुःख समजतं. थोडा संदर्भ देतो, समर्थन म्हणून नाही. इंथाखिन हा मुळात नगररक्षक स्तंभ. मंगराईच्या काळातला, १८०० मध्ये राजा काविलाने आजच्या जागी आणला. ती पूजा बौद्ध धर्माच्याही आधीच्या स्थानिक श्रद्धेतून आलेली आहे, विहाराच्या आवारात नंतर सामावली. म्हणजे ती बंदी विनयपिटकातून, भिक्खूंच्या नियमग्रंथातून, आलेली नाही. थेरवादात, म्हणजे थायलंडमधल्या बौद्ध परंपरेत, उपासिकांना बुद्धमूर्तीसमोर बसायला सहसा आडकाठी नसते, चियांग माईच्या बहुतेक विहारांत संध्याकाळी बायकाच जास्त दिसतात.

पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही, हेही मान्य. थायलंडच्या संघराजांनी १९२८ मध्ये भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा द्यायला मनाई केली, ती अजून उठलेली नाही. धम्मनंदा या थाई भिक्खुनींना २००३ मध्ये उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण दीक्षेसाठी, श्रीलंकेला जावं लागलं.

पाठपिशवी

@मूलगंध, बरं झालं तुम्ही काढलंत. मी इंथाखिनची पाटी वाचली आणि तिथून निघून त्या बिनसोंडेच्या हत्तीपाशी जाऊन बसले. तुमच्यासारखंच मलाही लागलं. एवढंच सांगते की त्याच दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर पोथी सरकवणारी बाईच होती. दोन्ही खरं आहे.

उत्खनन

चेत योतबद्दल थोडी भर. महाबोधीची आठवण परदेशात बांधून ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हती. म्यानमारमध्ये बगानलाही तेराव्या शतकातलं महाबोधी आहे. बोधगयेला जाणं अवघड झालं तेव्हा या राजांनी बोधगयाच आपल्या राजधानीत उभी केली. चेत योतला फक्त मंदिराची नक्कल करून ते थांबले नाहीत. संबोधीनंतरचे सात आठवडे बुद्ध जिथे जिथे राहिले त्या जागासुद्धा आवारात मांडल्या: अनिमिस, जिथून त्यांनी डोळ्यांची पापणी न लववता बोधिवृक्षाकडे पाहिलं, रत्नघर, वगैरे. बोधगयेला जाऊन आलेल्याला इथे ओळखीचा नकाशा सापडतो. तिलोकराजाच्या अस्थींचा स्तूपही याच आवारात आहे, नातवाने बांधलेला.

कोरा कागद

वाचतेय. अतिशय सुंदर धागा.

दगडी चाल

पहाटेच्या भिक्षाफेरीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. सहाच्या आसपास भिक्खू अनवाणी निघतात. स्थानिक माणसं घरासमोर चपला काढून उभी राहतात, भिक्षापात्रात भात, भाजी, फुलं ठेवतात, मग गुडघ्यावर बसून आशीर्वादाचा पाठ ऐकतात. हा त्यांचा दिवसाचा आरंभ आहे. मी पाहिलं ते असं की काही पर्यटक अगदी वितीवरून फ्लॅश मारत होते, एक जण तर रांगेच्या मध्ये जाऊन उभा राहिला. मला ते अजिबात सहन झालं नाही. फोटो हवाच तर रस्त्याच्या पलीकडून काढा. द्यायचं असेल तर बाजारातून ताजं अन्न घ्या आणि लवकर जा, कारण दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. स्त्रियांनी वस्तू हातात न देता पात्रात किंवा त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवायची.

कोरा कागद

भिक्खूंशी बोलायचं असेल तर चेदी लुआंगच्या आवारात झाडाखाली टेबलं मांडलेली असतात, "मंक चॅट"ची पाटी असते. सुआन दोकच्या बौद्ध विद्यापीठातही ठराविक संध्याकाळी असतं. मी एका तरुण भिक्खूसमोर बसले. तो लाओसमधून शिकायला आला होता, इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून बसतो म्हणाला. मी भारतातली आहे कळल्यावर त्याने माझे प्रश्न बाजूलाच ठेवले. बोधगयेचा बोधिवृक्ष केवढा आहे, सारनाथला हरणं अजून आहेत का, श्रावस्तीला काय उरलंय, तिथून कुशीनगर किती लांब. एकेक ठिकाण तो वहीत लिहून घेत होता. त्यातल्या अर्ध्या ठिकाणी मी गेलेलेच नाही. तिथे बसल्याबसल्याच ठरवलं की आता जायचं.

गावशीव

@पाठपिशवी, वेगळी सकाळ हा मुद्दा पटला. दोन दिवस असतील तर तुमचाच क्रम बरोबर. एकच दिवस असेल तर मात्र मी अजूनही पहाटे दोई सुथेप आणि दुपारनंतर चियांग मान, चेदी लुआंग एवढंच म्हणेन. चेत योत जाईल याची हळहळ वाटते खरी.

आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल टाळा, हे सगळ्यांनाच. शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर शहरावर बसतो, डोंगर दिसत नाही, घसा धरतो. दमा असलेल्यांनी तर अजिबात नको.

निळी छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्याकडे दोन दिवस आहेत. पहिला दिवस धाग्यातल्या क्रमाने, दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर आणि उतरताना सुआन दोक. चेत योतला सोंगथ्यू जातात का? आणि तिथे किती वेळ ठेवू?

पाठपिशवी

@निळी छत्री, उत्तम. लाल सोंगथ्यू हात करून थांबव आणि "वाट चेत योत" सांग. त्याच्या वाटेवर असेल तर मान हलवेल, नाहीतर पुढचीला विचार. भाडं चढण्याआधी ठरव. वेळ दीड-दोन तास तरी ठेव. आधी मंदिराला बाहेरून फेरी मार आणि देवतांचे हात, बाजूबंद बघ. मग @उत्खनन यांनी सांगितलेली ठिकाणं शोध आणि शेवटी बोधिवृक्षाखाली बस. शेजारीच राष्ट्रीय संग्रहालय आहे, लान्नामधल्या बुद्धमूर्ती नीट मांडलेल्या आहेत. ते सोमवार-मंगळवारी बंद असतं, तेव्हा पहिला दिवस बुधवार ते रविवारमधला धर.